चेहरा आणि सुई

बंगळूरच्या जयनगरात किंवा इंदिरानगरात संध्याकाळी पायी हिंडणाऱ्या माणसाला दवाखान्यांच्या आणि सौंदर्यगृहांच्या पाट्यांत अलीकडे एक नवे नाव वाचावयास मिळते. ते म्हणजे चेहऱ्याचे ॲक्युपंक्चर. बारीक सुया टोचून सुरकुत्या घालवायच्या, गालांवर तजेला आणायचा, आणि त्याच बैठकीत मनाचा शीणही उतरवायचा, असे हे एकूण आश्वासन आहे. माझ्या कचेरीतील एका सहकाऱ्यांच्या पत्नी अशा दहा बैठकींचे पैसे आगाऊ भरून आल्या, तेव्हा त्यांच्या घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, “सुया टोचून घ्यायला पैसे कसले मोजायचे? मला शिवताना रोज फुकट टोचतात.” नात म्हणाली, “आजी, ही चिनी विद्या आहे, पाच हजार वर्षांची.” या वादात पंच म्हणून माझी नेमणूक झाली. सरकारी नोकराला निवाडा लेखी देण्याची सवय असते. तोच आज आपल्यापुढे वाचून दाखवीत आहे.

प्रथम वयाचा प्रश्न निकालात काढू. चिनी वैद्यकाचा जो आद्य ग्रंथ मानला जातो, तो पीत सम्राटाच्या नावावर असलेला ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. उरलेली तीन हजार वर्षे जाहिरातदारांनी पदरची घातली आहेत. ‘ॲक्युपंक्चर’ हे नाव तर चिनी नव्हेच. विल्यम टेन ऱ्हाइने नावाच्या एका डच वैद्याने जपानात ही क्रिया पाहिली आणि १६८३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात हे नाव वापरले. आजच्या जगाला या विद्येची गोडी लागली ती मात्र १९७१ नंतर. त्या वर्षी जेम्स रेस्टन हे अमेरिकन पत्रकार पेकिंगमध्ये असता त्यांचे आंत्रपुच्छ काढावे लागले. शस्त्रक्रिया पाश्चात्त्य पद्धतीनेच, भूल देऊन झाली; नंतर पोटात जी अस्वस्थता राहिली तिच्यावर सुयांचा उपचार झाला, आणि त्याविषयी त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले. लोकांनी मात्र अशी समजूत करून घेतली की त्यांचे पोट सुयांच्याच बळावर फाडले गेले. दंतकथा जन्माला यायला इतके पुरते.

भारतात ही विद्या याच्याही आधी आली, आणि ती ज्या वाटेने आली त्या वाटेवर आपले सोलापूर आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांत प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. त्यांपैकी कोटणीस परत आलेच नाहीत. उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात, आठव्या मार्ग सेनेच्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते निवर्तले. शांतारामबापूंच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे ही कथा आपल्याला ठाऊक आहे. तिचा पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. कोटणिसांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू १९५८ साली पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर शिकले, आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी या उपचारास आरंभ केला. पुढे कोटणिसांच्या नावाने स्थापन झालेल्या समितीच्या कार्यकर्त्यांनी ही विद्या गरीब वस्त्यांतून नेली. कंबर धरलेल्या हमालाला आणि गुडघे दुखणाऱ्या मोलकरणीला चार सुयांनी उठते करता आले तर पाहावे, हा त्यामागचा हेतू होता. तीच सुई आज वातानुकूलित खोलीत, मंद संगीताच्या साथीने, कपाळावरच्या आठीशी झगडताना पाहिली म्हणजे गंमत वाटते. तक्रार म्हणून मी हे सांगत नाही. सगळ्याच विद्या कधी ना कधी श्रीमंतांच्या घरी राहायला जातात.

आता प्रत्यक्ष क्रिया. या सुया केसाहून फार जाड नसतात, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. कपाळ, भुवया, गाल, जबडा या ठिकाणी त्या टोचतात, शिवाय हातापायांवरही काही लावतात, आणि माणसाला अर्धा तास स्वस्थ पडून राहावे लागते. शरीरातून ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठराविक रेखांवरून वाहते, ती अडली की रोग होतो आणि चेहरा कोमेजतो, अशी चिनी उपपत्ती आहे. शवविच्छेदनात या रेखा कोणालाही सापडलेल्या नाहीत. आपल्याकडील नाड्यांविषयीही हेच म्हणता येईल. तेव्हा शेजाऱ्याला हसताना थोडे जपून हसावे.

त्वचेचे शास्त्र मात्र सापडण्यासारखे आहे. आपली कातडी ताठ राहते ती कोलॅजन नावाच्या तंतूंमुळे आणि ताणून सोडली की पूर्ववत होते ती इलॅस्टिनमुळे. ऐन तारुण्यापासूनच कोलॅजन हळूहळू कमी होऊ लागते, आणि स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही घट विशेष वेगाने होते. कातडीला सूक्ष्म जखम झाली की ती भरून काढताना शरीर नवे कोलॅजन तयार करते, हेही खरे. याच तत्त्वावर त्वचारोगतज्ज्ञ मुरुमांच्या खड्ड्यांवर अनेक बारीक सुयांचे रूळ फिरवतात. पण तेथे एकेका बैठकीत शेकडो, हजारो छिद्रे पडतात. ॲक्युपंक्चरमध्ये वीस-तीस सुया. एकाचा दाखला दुसऱ्याच्या दुकानात वटवण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मला पटत नाही.

पुराव्याचे म्हणाल तर तो अगदीच नाही असे नाही. दक्षिण कोरियाच्या सोल शहरातील क्युंग ही विद्यापीठाच्या रुग्णालयात चाळीस ते एकोणसाठ वर्षांच्या सत्तावीस स्त्रियांनी तीन आठवड्यांत पाच बैठकी पूर्ण केल्या. चेहऱ्याचा घट्टपणा मोजला तेव्हा काही सुधारणा दिसली. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि अधिक मोठ्या, तुलनात्मक परीक्षणांची गरज आहे असे संशोधकांनी स्वतःच प्रांजळपणे लिहिले. तीन आठवडे कोणी आपल्या चेहऱ्याची इतकी विचारपूस केली, तर सुई न लावताही त्यावर थोडी टवटवी येईल की नाही, हा प्रश्न तेथे अनुत्तरित राहतो. त्याचे उत्तर काहीसे जर्मनीत मिळाले. तेथे कंबरदुखीच्या अकराशेहून अधिक रोग्यांवर एक मोठे परीक्षण झाले आणि २००७ साली त्याचा निकाल लागला. ग्रंथोक्त जागी सुया टोचलेल्यांपैकी शेकडा सत्तेचाळीस जणांना गुण आला. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी शेकडा चव्वेचाळीस जणांना. नेहमीच्या औषधोपचारांनी मात्र सत्तावीसच! म्हणजे जागा महत्त्वाची नसावी. पण सुई, शांत खोली आणि लक्ष देणारा माणूस, या तिन्हींच्या एकत्र येण्यात काहीतरी आहे. बंगळूरच्या रस्त्यांवर रोज दोन-दोन तास मोटारीत अडकून पडणाऱ्या बाईला कोणीतरी अर्धा तास डोळे मिटून पडायला लावले, दूरध्वनी बंद करायला लावला, झोप येते का, भूक लागते का असे विचारले, तर तिला बरे वाटणे स्वाभाविक आहे. त्या बरे वाटण्याला मी खोटे म्हणणार नाही. फक्त त्याला कोलॅजन म्हणू नये.

सुरकुतीचेच ज्यांना भय आहे त्यांनी सुईहून सूर्याकडे अधिक लक्ष द्यावे. २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एकोणसत्तर वर्षांच्या एका मालमोटार-चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. अठ्ठावीस वर्षे गाडी चालवताना खिडकीच्या काचेतून ऊन त्याच्या डाव्या गालावर पडत राहिले. त्याचा उजवा गाल सामान्य म्हाताऱ्याचा, आणि डावा नांगरलेल्या शेतासारखा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा आपल्या टॅक्सीवाल्यांचे उजवे गाल एकदा न्याहाळून पाहावेत. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर आहे. हवा थंड म्हणून ऊन सौम्य, ही येथील लोकांची समजूत फसवी आहे. ऑस्ट्रेलियात नऊशेहून अधिक माणसांना घेऊन साडेचार वर्षे पाहिले, तेव्हा रोज नियमाने उन्हापासून रक्षण करणारा लेप लावणाऱ्यांची त्वचा, मनास येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा शेकडा चोवीसने कमी जून झालेली आढळली. छत्री तर त्याहून स्वस्त.

यावर कोणी म्हणेल, चाळिशी उलटलेल्या माणसांनी चेहऱ्याची एवढी चिंता करावीच कशाला? हा उपदेश मला मान्य नाही. चेहरा ही काही केवळ मिरवण्याची वस्तू नव्हे. माणसांत बसण्याउठण्याचा तो परवाना आहे. याच मुलखातील एक गोष्ट आहे. टिपू सुलतानाशी १७९२ साली झालेल्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर कावसजी नावाचा एक मराठा बैल हाकणारा होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. पुढे पुण्याजवळच्या एका कुंभाराने, जो विटा करणाऱ्या जातीचा होता असे वर्णन आहे, त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसविले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचे चित्र आणि हकीकत छापून आली, आणि युरोपातील शस्त्रवैद्यांनी त्यावरून धडे घेतले. कावसजीला हात परत मिळाला नाही; नाक मिळाले. पोटासाठी हाताची गरज मोठी खरी, पण लोकांपुढे जायला त्याला नाकच हवे होते, असे मला त्या हकिकतीवरून वाटते.

म्हणूनच चेहऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट मला गंभीरपणे सांगावयाची आहे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना एके सकाळी चूळ भरताना ओठाच्या कोपऱ्यातून पाणी गळू लागले. उजवा डोळा मिटेना, हसू एकाच बाजूला जाई. आयुर्वेदात याला अर्दित म्हणतात. लोक ‘तोंड वाकडे होणे’ म्हणतात. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ते सुयांच्या एका केंद्रात गेले. तेथे त्यांना कोणी डॉक्टरांकडे पाठविले नाही; बारा दिवस सुया आणि मालीश चालू राहिली. वास्तविक, चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या या विकारात पहिल्या बहात्तर तासांना फार मोल आहे. त्या मुदतीत प्रेडनिसोलोन हे जुने, स्वस्त औषध सुरू केले तर काय होते, ते स्कॉटलंडमधील एका परीक्षणाने २००७ साली दाखवून दिले. नऊ महिन्यांनी औषध घेतलेल्यांपैकी शेकडा चौऱ्याण्णव जण पूर्ण बरे झाले, न घेतलेल्यांपैकी ब्याऐंशी. यात निसर्गाचा वाटा मोठा आहे, हे उघडच आहे. शंभरांतले ब्याऐंशी आपोआप बरे होत असतील, तर त्यांच्यापुढे कोणतीही सुई यशस्वीच ठरणार! पण उरलेल्यांत आपण असू की नाही, हे पहिल्या दिवशी कोणालाच कळत नाही. आमच्या गृहस्थांचा डोळा आजही नीट मिटत नाही. रात्री त्यावर पट्टी बांधून निजावे लागते.

आणि तोंड वाकडे होण्याबरोबर हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. या झटक्यात कपाळावर आठ्या घालता येतात आणि मज्जातंतूच्या विकारात येत नाहीत, असा भेद डॉक्टर पाहतात. ही परीक्षा घरी करीत बसू नये. वाहन मिळेल ते घेऊन मोठे रुग्णालय गाठावे.

राहता राहिला कायदा. पश्चिम बंगालने १९९६ साली आणि महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने ॲक्युपंक्चरच्या शिक्षणाला व नोंदणीला चौकट दिली. केंद्र शासनाने २०१९ च्या फेब्रुवारीत ही एक स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली. शासनाची मान्यता म्हणजे सुरकुती जाईल अशी हमी नव्हे, हे शासनाचा चाकर या नात्याने मी अधिकाराने सांगू शकतो. मान्यतेचा उपयोग एवढाच, की समोरच्याला ‘तुमचे शिक्षण कोठे झाले’ असे विचारण्याचा संकोच आपल्याला उरू नये. सुयांचे निर्जंतुक पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडले पाहिजे आणि त्या सुया पुन्हा कोणालाही वापरता कामा नयेत, कारण अस्वच्छ सुईतून कावीळ पसरते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, किंवा जखमेचा व्रण फुगून वर येण्याची खोड कातडीला असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून या वाटेस जाऊ नये.

सहकाऱ्यांच्या सौभाग्यवतींना मी एवढे मात्र कळविले आहे, की या उपचारात सर्वांत अधिक आढळणारी तक्रार म्हणजे टोचल्या जागी पडणारा काळानिळा डाग. डोळ्यांखालच्या पातळ कातडीत तो लौकर उठून दिसतो आणि जायला कित्येकदा आठवडा घेतो. तेव्हा घरात मुंज किंवा लग्न असेल, तर बैठक निदान पंधरा दिवस आधी उरकावी.