शेततळ्याचें घनफळ

शाळेंत घनफळाचें गणित पेटीच्या उदाहरणानें शिकविलें जातें. लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार केला कीं उत्तर हातीं येतें, आणि परीक्षा संपली कीं बहुधा तें विस्मृतींतही जातें. परंतु वऱ्हाडांत असा एक प्रदेश आहे कीं, तेथें ह्याच गुणाकारावर पिकाचें जगणें-मरणें अवलंबून असतें. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्याचा हा खारपाणपट्टा होय. येथील जमीन काळी व खोल. पण भूगर्भांतील पाणी खारट. विहीर खणली तरी तें पाणी धड पिण्याच्या उपयोगाचें नाहीं, धड पिकाच्याही नाहीं. म्हणून पावसाचें गोडें पाणी शेततळ्यांत सांठविणें हा येथील शेतकऱ्याचा मोठा आधार.

सांठवण म्हटली कीं पहिला प्रश्न, पाणी मावेल किती? लांबी रेषेनें मोजतात, क्षेत्र चौरसानें, तशी पोकळी घनानें मोजावयाची. एक मीटर लांब, तितकीच रुंद व तितकीच खोल पेटी म्हणजे एक घनमीटर. दहा-दहा सेंटिमीटर कडेचे ठोकळे तींत रचले, तर तळाशीं शंभर बसतात आणि असे दहा थर होतात. प्रत्येक ठोकळा एक लिटराचा. म्हणून एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर.

महाराष्ट्र शासनाच्या २०१६ सालच्या ‘मागेल त्याला शेततळे’ ह्या योजनेंत तळ्याचें कमाल आकारमान ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असें होतें. श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल जवळ घेऊन आंकडे मांडून पाहावे. पेटीच्या रीतीनें उत्तर येतें २,७०० घनमीटर. परंतु तळें म्हणजे पेटी नव्हे. काळ्या मातीचा उभा कांठ पावसाळ्यांत ढासळतो. म्हणून कांठास उतार द्यावा लागतो. दर मीटर खोलीस एक मीटर आंत, असा उतार धरला, तर तळाची बाजू २४ मीटरच उरते.

आतां हिशेब कसा करावा? तोंडाचें क्षेत्रफळ ९००, तळाचें ५७६. त्यांची सरासरी ७३८ धरून तीनानें गुणिल्यास २,२१४ येतात. उलट बाजूंचीच सरासरी २७ घेतली, तर २,१८७ येतात. पहिली रीत अधिक सांगते, दुसरी कमी.

अचूक रीत भास्कराचार्यांनीं सन ११५० च्या सुमारास ‘लीलावती’च्या खातव्यवहारांत देऊन ठेविली आहे. तोंडाचें क्षेत्रफळ, तळाचें क्षेत्रफळ आणि दोहोंच्या बाजूंच्या बेरजेवरून येणारें क्षेत्रफळ, या तिहींची बेरीज करावी. तीस सहानें भागावें व खोलीनें गुणावें. येथें ९००, ५७६ आणि ५४ चा वर्ग २,९१६, मिळून ४,३९२. त्याचा षष्ठांश ७३२. तिप्पट २,१९६ घनमीटर.

ह्याचा ताळा साध्या ठोकळ्यांनींही पाहतां येतो. मधली पेटी २४ × २४ × ३, म्हणजे १,७२८. चार बाजूंच्या पाचरी प्रत्येकी १०८, मिळून ४३२. उरले चार कोपरे. प्रत्येक कोपरा तीन मीटर कडेच्या घनाचा तिसरा हिस्सा, म्हणजे ९. चार मिळून ३६. एकूण बरोबर २,१९६.

पेटीच्या हिशेबांतील चूक ५०४ घनमीटरांची, म्हणजे ५,०४,००० लिटरांची! एक हेक्टर शेतावर पांच सेंटिमीटर पाणी देण्यास ५०० घनमीटर लागतात. म्हणजे पुरी एक पाळी कागदावरच राहिली. २,७०० घनमीटर धरून पांच पाळ्यांचा बेत करणाऱ्याचें तळें चार पाळ्यांनंतर पांचवीस पुरत नाहीं. झिरपणें व बाष्पीभवन यांची घट तर निराळीच. आणि पावसानें ताण दिला असतां, कपाशी बोंडांवर किंवा हरभरा घाट्यांवर असतांना चुकलेली पाळी मागाहून भरून निघत नाहीं.

शहरांतील गृहस्थासही हें गणित परकें नाहीं. १०० चौरस मीटरांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, कीं एक घनमीटर पाणी पडलें. तें टाकींत उतरवावयाचें कीं गटारांत जाऊं द्यावयाचें, एवढेंच ज्याच्या त्याच्या हातीं राहतें.