काठावर पास

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय गुरुजन, आणि टागोरनगर, कन्नमवारनगर, पार्कसाईट सोडून आता कुठे कुठे राहायला गेलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला "तुझ्या छंदावर बोल" असं सांगितलंय. माझा छंद म्हणजे मुंबई सिटी एफसी. क्रिकेट आणि कबड्डीच्या या विक्रोळीत फुटबॉलचा चाहता म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपवासाचं ताट मागणारा माणूस. लोक सांभाळून घेतात, पण शेजारी बसत नाहीत.

हरल्यावर काय करायचं ते चाहत्याला कुणी शिकवावं लागत नाही. पंच, नशीब, कोच, सगळ्यांना शिव्या घालून झोपायचं. अडचण होते ती संघ वाईट खेळून जिंकतो तेव्हा. आनंद तर झालेला असतो, पण तो घशाखाली उतरत नाही.

११ एप्रिल २०२२ची मॅच घ्या. रियाधमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा. समोर इराकचा एअर फोर्स क्लब. तीनच दिवसांपूर्वी आपण सौदीच्या अल शबाबकडून ३-० असा मार खाल्लेला. दुसऱ्या हाफमध्ये इराकवाल्यांनी गोल केला आणि मी टीव्ही बंद करायला उठलो. तेवढ्यात आपल्याला पेनल्टी मिळाली, दिएगो मॉरिसिओने गोल केला. पाच मिनिटांनी राहुल भेकेचं हेडर, २-१! मग शिट्टी होईपर्यंत जे चाललं त्याला फुटबॉल म्हणायचं की शटर ओढून दुकान वाचवणं, ते तुम्ही ठरवा. चेंडू लांब फेकायचा, तो परत यायचा, पुन्हा फेकायचा. आणि शेवटी सगळा भरवसा गोलकीपर फुर्बा लाचेनपावर.

जिंकलो. या स्पर्धेत मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब. आदल्या वर्षी एफसी गोवाने तीन मॅच बरोबरीत सोडवल्या होत्या, पण विजय कुणाचाच नव्हता. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फटाके, भगवे-निळे बदाम, "आता आशिया जिंकणार" वगैरे. मी लिहिलं, "अभिनंदन, पण असं खेळलो तर पुढे मार आहे." झालं! मला ग्रुपमधून काढायची भाषा सुरू झाली. एकाने विचारलं, "तू नक्की कुणाचा?"

मित्रहो, शाळेत आपल्या गणिताच्या बाई पेपर वाटताना पस्तीस मार्कवाल्याला काय म्हणायच्या आठवतंय? "पास झालास, बस खाली. पण तुला येत नाही हं." यातली दोन्ही वाक्यं खरी असायची. पास खोटा नसायचा आणि न येणंही खोटं नसायचं. ग्रुपवर मात्र लोकांना एकच वाक्य ऐकायचं असतं.

पुढे काय झालं सांगतो. ग्रुपमधल्या परतीच्या सामन्यात अल शबाबने आपल्याला ६-० धुतलं. म्हणजे मी बरोबर? थांबा. शेवटच्या मॅचला पुन्हा तेच इराकवाले आणि आपण पुन्हा जिंकलो, १-०. सहा मॅचचा हिशेब मी अजून पाठ म्हणून दाखवतो: गोल केले ३, खाल्ले ११, गुण ७, गटात दुसरा नंबर! याहून काठावरचा पास बोर्डाच्या इतिहासात नसेल. पुढच्या फेरीत गेलो नाही, पण ते ७ गुण आजही आपल्या नावावर आहेत. पुढच्या वेळी, २०२३-२४ला, याच स्पर्धेत सहाच्या सहा मॅच हरलो, तेव्हा त्या दोन कुरूप विजयांची किंमत मला जास्तच कळली.

आता राहुल भेकेविषयी थोडं, कारण माझा जीव तिथे अडकलाय. हा आपल्या मुंबईचा पोरगा. १७ मार्च २०१९ला अंधेरीच्या मैदानावर आयएसएलची फायनल होती. नव्वद मिनिटं ०-०, जादा वेळही संपत आलेला आणि ११७व्या मिनिटाला याच भेकेचा गोल, १-०. पण तो होता बंगळुरूसाठी, गोव्याविरुद्ध. मुंबईच्या मैदानावर, मुंबईच्या मुलाने, दुसऱ्या शहराला कप जिंकून दिला. महिंद्र युनायटेड २०१०मध्ये बंद झाला, पुढे मुंबई एफसीही गेला. आपल्या पोरांनी खेळायचं तरी कुणाकडून? म्हणून रियाधमध्ये तो मुंबईचा शर्ट घालून उडी मारताना दिसला, तेव्हा संघ कसा खेळतोय हे मी मिनिटभर विसरलो होतो. दुसऱ्या मिनिटाला पुन्हा ओरडायला लागलो, "अरे, मागे या, मागे!"

माझी बायको म्हणते, "जिंकल्यावरही चेहरा पाडून बसता, मग बघता कशाला?" तिला मी उत्तर देत नाही. आपल्या मुलाचे पस्तीस मार्क बघून पेढे वाटणारा आणि त्याच रात्री त्याला पुस्तक घेऊन बसवणारा बाप एकच असतो, हे तिला चांगलं माहीत आहे. आमच्या घरी ती दोन्ही कामं तिनेच केलीत.

असो, माझी वेळ संपत आली. संयोजक मला घड्याळ दाखवतायत, म्हणजे इंज्युरी टाइम सुरू झाला. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाच्या वेळी मला नाव द्या, पुढच्या अंधेरीच्या मॅचला सगळे मिळून जाऊ. साडेसातची मॅच असली तर विक्रोळीहून पाचलाच निघायचं, लिंक रोडवर पवईला ट्रॅफिक असतो. आणि वडापाव इथूनच बांधून घ्यायचे, पण गेटच्या बाहेर संपवायचे, आत नेऊ देत नाहीत.