मात्रेने दिलेले अन्न



मराठवाड्यातील जुनी माणसे 1972 च्या दुष्काळाविषयी बोलू लागली की दुष्काळी कामांबरोबर सुकडीचीही आठवण निघते. त्या सुकडीने असंख्य भुकेल्यांना आधार दिला. परंतु भुकेल्यास जेवू घालणे हे एक कार्य, आणि दीर्घकाळच्या उपासमारीने रोगी झालेल्या बालकास अन्नाच्या साहाय्याने बरे करणे हे दुसरे. पहिल्या कार्यास उदारता पुरते. दुसऱ्यास शास्त्र लागते. आहारोपचार म्हणतात तो हाच.

या विचाराचे आणि या शहराचे नाते जवळचे आहे. कुपोषणाशी लढण्याचे संघटित प्रयत्न मराठवाड्यात या शतकाच्या आरंभी प्रशासनाने हाती घेतले. त्यातूनच 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. त्याचे मुख्यालय प्रथम तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होते आणि श्री. व्ही. रमणी हे त्याचे पहिले महासंचालक होते. बालकांचे वजन नियमित व्हावे, त्याची नोंद खरी असावी आणि खालावलेल्या बालकावर तत्काळ उपचार व्हावेत, हा त्या कार्याचा गाभा होता. याच वाटेने पुढे अंगणवाडीत ग्राम बाल विकास केंद्रे, ग्रामीण रुग्णालयांत बाल उपचार केंद्रे आणि मोठ्या रुग्णालयांत पोषण पुनर्वसन केंद्रे अशी उपचारांची उतरंड उभी राहिली.

या उपचारात मात्रेला इतके महत्त्व का? तीव्र कुपोषित बालकाचे शरीर केवळ बारीक झालेले नसते, ते मंदावलेले असते. हृदय, यकृत, मूत्रपिंड, आतडी ही सारी इंद्रिये काटकसरीने चाललेली असतात. अशा देहावर एकाएकी भरपूर अन्नाचा भार घातला, तर रक्तातील क्षारांचा समतोल बिघडतो, हृदयावर ताण येतो आणि जे अन्न तारावयाचे तेच घातक ठरते. पूर्वी जगभरातील अनेक रुग्णालयांत अशा बालकांपैकी शेकडा 20 ते 30 दगावत. आहाराचा क्रम शास्त्रशुद्ध पाळला तर हे प्रमाण 5 च्या खाली आणता येते, असा अनुभव आहे.

हा क्रम समजून घेण्याजोगा आहे. समजा, बालकाचे वजन 6 किलो आहे. त्यास सूज नाही, परंतु प्रकृती गंभीर आहे. आरंभीच्या दिवसांत त्यास दूध, साखर व तेल यांपासून केलेला सौम्य आहार देतात. त्याच्या 100 मिलिलिटरमध्ये 75 कॅलरी असतात आणि प्रथिने एक ग्रॅमहूनही कमी. दिवसाला सुमारे 780 मिलिलिटर. तेही दर दोन तासांनी 65 मिलिलिटर, रात्रीसुद्धा. रात्रीची पाळी चुकली तर रक्तातील साखर उतरते, अंग गार पडते आणि पहाटे बालक हातचे जाऊ शकते. या काळात लोहाचे औषधही देत नाहीत, कारण त्याने जंतुसंसर्ग बळावण्याचा धोका असतो. भूक परतली, सूज असल्यास ती ओसरू लागली, म्हणजे दोन-तीन दिवसांत हळूहळू 100 कॅलरींच्या आहारावर आणतात. मग मात्र बालक झपाट्याने भरते. दर किलोस दररोज 10 ग्रॅम, म्हणजे या बालकाचे दिवसाला 60 ग्रॅम वजन वाढले, तर उपचार उत्तम चालला आहे असे समजावे. वाढ 30 ग्रॅमच्या आत राहिली, तर कोठे तरी दडलेला आजार शोधावा लागतो.

सूज हे लक्षण विशेष फसवे आहे. पायांवर, चेहऱ्यावर सूज आलेले मूल घरच्यांना बाळसे धरल्यासारखे दिसते. दोन्ही पावलांवर अंगठ्याने क्षणभर दाबून खळगा राहिला, तर ते बाळसे नव्हे. ते बालक तातडीने रुग्णालयात न्यावयाचे असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला, तर तीही धोक्याची खूण होय. फीत लावण्यास पदवी लागत नाही.

ज्या बालकास भूक आहे आणि दुसरा गंभीर आजार नाही, त्याचा उपचार गावातच होऊ शकतो. येथे घरच्या समजुती आड येतात. वरणाचे वरचे पाणी पौष्टिक, अशी एक समजूत आहे. त्या पाण्यात सत्त्व फारच थोडे असते. बालकाचे पोट लहान, म्हणून घास थोडा आणि सकस हवा. भाकरी दुधात कुस्करावी, खिचडीत चमचाभर तेल घालावे, शेंगदाण्याचा बारीक कूट आणि गूळ द्यावा, शक्य तेथे अंडे द्यावे. एका चहाच्या चमचाभर तेलाने सुमारे 45 कॅलरी वाढतात. मात्र हे दिवसातून पाच-सहा वेळा, जवळ बसून भरवावे लागते.

आणि खरी अडचण तेथेच आहे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. उपचार अर्धा राहतो, आईस कोयता सोडवत नाही, आणि बालक नोंदवहीत उरते, गावात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांत उंचीच्या मानाने कमी वजनाचे प्रमाण 2015-16 मध्ये शेकडा 25.6 होते, 2019-21 मध्येही ते 25.6 च राहिले. दर चार बालकांत एक. एक बालक बरे होते त्याच वेळी दुसरे खालावत असते, हाच या आकड्यांचा अर्थ.

यास्तव गावाची जबाबदारी रुग्णालयाच्या दाराशी संपत नाही. गाव सोडण्यापूर्वी प्रत्येक बालकाचे वजन व दंडघेर घेतला जावा, त्याची नोंद जेथे कुटुंब जाणार तेथील अंगणवाडीस कळावी, आणि आई बालकाजवळ रुग्णालयात राहिली तर तिची बुडीत मजुरी वेळेवर मिळते की नाही हे ग्रामपंचायतीने पाहावे. शिक्षकांनी वर्गातील मुलांकडून त्यांच्या धाकट्या भावंडांची चौकशी करावी. अधिकाऱ्यांनी वाढलेल्या आकड्यावर रुष्ट होऊ नये. आकडा वाढला याचा अर्थ पुष्कळदा एवढाच की कोणीतरी प्रामाणिकपणे वजन केले. जेथे खऱ्या नोंदीबद्दल बोल लावला जातो, तेथे काटा खोटे बोलू लागतो, आणि खोट्या काट्यावर कोणत्याही औषधाची मात्रा ठरत नाही.