आधी अळी ओळखा
(जांब समर्थ, जि. जालना येथील भाषण)



बोंड किडलं की आम्ही म्हणतो ‘अळी पडली’, आणि दुकानदार देईल ती बाटली पंपात ओततो. कोणती अळी, हे विचारत नाही. १८४२ साली भडोचच्या कपाशीत सापडलेल्या पतंगाचं वर्णन सॉन्डर्स नावाच्या इंग्रजानं लिहून त्याला नाव दिलं. तीच आपली गुलाबी बोंडअळी.

नावानं काय फरक पडतो? हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावर, ज्वारीच्या कणसातही जगते. गुलाबीचा संसार मुख्यतः कपाशीवर. ती बोंडात शिरली की फवारा तिला लागत नाही. २००२ साली बीटी आलं. पुढं गुलाबी तेही पचवून बसली. २०१७ साली आमचं पीक तिनं खाल्लं. त्याच साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली.

म्हणून डोमकळी दिसताच तोडून नष्ट करा. कामगंध सापळ्यात गुलाबीचाच ल्यूर लावा. दुसरीच्या ल्यूरवर तिचे पतंग येत नाहीत. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटा. फरदड सोडणं कोरडवाहूवाल्याला जड जातं, आम्हीही त्यातलेच. पण एकाची फरदड साऱ्या शिवाराची अळी पोसते.