स्वमग्न, पण माणसांचा भुकेला

(आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, जळगाव येथे केलेले भाषण)



संयोजकांनी बजावून सांगितलं होतं, प्रत्येकाने दहा मिनिटं आपापल्या कामावर बोलायचं. बँकेतल्या बत्तीस वर्षांवर दहा मिनिटं बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. ज्यांनी माझ्याकडून कर्ज घेतलं, ते कदाचित जास्त बोलतील. माझं खरं काम धुळ्याच्या घरी चाललं आणि अजून चालू आहे. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. मराठीत आपण स्वमग्न म्हणतो. आता सव्वीस वर्षांचा झाला. तुमच्यातल्या पुष्कळांना हे ठाऊक आहे, पण त्याला भेटल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय भो, हा तर केवढा बोलतो! हा कसला स्वमग्न?" आज त्या प्रश्नावरच बोलतो.

घोटाळा थोडा शब्दामुळेही झाला आहे. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या सुमारास रूढ केला, तोही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. पुढे १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि हा शब्द मुलांना लागला. त्या वर्णनांत मुलांचं एकटेपण फार ठळक होतं. आपण त्याचं 'स्वमग्न' केलं. शब्द गोड आहे, मग्न म्हटलं की डोळ्यांपुढे भजनात रंगलेला वारकरी येतो. पण त्यात मुलाने स्वतःहून दार लावून घेतल्याचा भास आहे. एक गंमत सांगतो. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी ज्यांनी १९२१च्या ग्रंथातून जगभर नेली, ते कार्ल युंग तरुणपणी झुरिकच्या रुग्णालयात याच ब्लॉयलर यांच्या हाताखाली होते. एका दवाखान्यातली माणसं, म्हणून शब्दही एकाच अर्थाचे असं आपण धरून चालतो की काय, कोण जाणे.

मुलगा पाच वर्षांचा असताना आम्ही त्याला एका तज्ज्ञांकडे नेलं. तो आत शिरताच त्यांच्या खुर्चीला टेकून उभा राहिला आणि पंख्याचा आवाज असा का येतो ते विचारू लागला. ते म्हणाले, "एवढा माणसांत येतो, हा ऑटिस्टिक नाही. लाड कमी करा." निदान व्हायला अकरावं वर्ष उजाडलं. मधल्या सहा वर्षांत त्याला आगाऊ, वात्रट, डोकं खाणारा ही सगळी विशेषणं मिळून झाली होती.

लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांचा अभ्यास करून लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गुल्ड यांनी १९७९मध्ये जे लिहिलं, ते आमच्या हातात फार उशिरा आलं. विंगबाई डॉक्टर होत्या आणि स्वतः ऑटिस्टिक मुलीची आई होत्या. त्यांनी मुलांचे तीन प्रकार सांगितले. काही माणसांपासून अलिप्त राहतात. काही स्वतःहून येत नाहीत, पण कोणी हात धरला तर येतात. आणि काही आपणहून माणसांवर जाऊन धडकतात, फक्त त्यांची रीत आपल्याला चमत्कारिक वाटते. तिसरं वर्णन मी बायकोला वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "हे आपल्या घरी कधी येऊन गेले?"

म्हणजे माणसांची ओढ ही एक गोष्ट, आणि माणसांत वावरण्याची रीत उमगणं ही दुसरी. आणि गोंगाट सोसणं ही आणखी तिसरी. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. घरात पन्नास माणसं, रोटांचं जेवण, सोमवारी विसर्जनाला वाजतगाजत पांझरेवर जायचं. ढोल सुरू झाला की मुलगा दोन्ही कानांवर हात दाबतो, चेहरा वेडावाकडा होतो. कोणीतरी दया येऊन म्हणतं, याला घरी न्या. तो जात नाही! कान बंद करून मिरवणुकीच्या मधोमध चालतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंथरुणात पडून असतो, एक शब्द बोलत नाही. तरी पुढच्या कानबाईचे दिवस त्याच संध्याकाळपासून मोजायला लागतो.

उलट इथे जळगावात ओळखीच्या एका घरी एकोणीस वर्षांची मुलगी आहे, तीही ऑटिस्टिक. पाहुणे आले की ती माडीवर जाते. मोकळी व्हावी म्हणून आईने तिला कितीतरी वर्षं हळदीकुंकवाला नेलं. आपल्या खानदेशात न बोलणारा माणूस घुम्या ठरतो ना! आता नेत नाहीत. दुपारी ती आजीशेजारी बसून शेंगा फोडते, दोघी तासभर एक अक्षर बोलत नाहीत, आणि तो तिचा दिवसातला सगळ्यात आवडता तास आहे. तिला बोलकं करण्याची घाई कोणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती सुखात आहे. माझा मुलगा तेवढा सुखात नाही.

कारण त्याला माणसं हवी आहेत. धुळ्याच्या एस. टी. स्टँडवर तो रोज जातो. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, बांभोरी, जळगाव हे त्याला पाठ. कोणती गाडी कुठे थांबते ते तो प्रवाशांना विचारण्याआधीच सांगतो. लोक हसून मान डोलावतात आणि गाडीत चढतात. आपल्या बोलण्यात "ये रे एकदा घरी" हे वाक्य किती सैल पडलेलं असतं बघा. एका गृहस्थांनी ते त्याला म्हटलं. तो रविवारी सकाळी सात वाजता त्यांच्या दारात उभा. त्यांनी मला फोन करून तक्रार केली. मुलगा मला विचारत होता, "पप्पा, त्यांनी बोलावलं होतं ना?" आता चूक कोणाची म्हणायची? डेमियन मिल्टन नावाचे एक ब्रिटिश अभ्यासक आहेत, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२मध्ये त्यांनी मांडलं की हा गैरसमज दोन्ही बाजूंचा असतो. त्यांना आपण कळत नाही, तसेच आपल्याला ते कळत नाहीत. मला हे स्टँडवरच्या बाकावर पटलं.

त्याच्या मोबाईलमध्ये चारशेच्या वर नंबर आहेत. आठवड्यात त्याला फोन येतात दोन, त्यातला एक माझा. आम्ही दोघं साठी ओलांडून बसलोय, त्यामुळे हा हिशेब रात्री डोळ्यांपुढे येतो.

तो आज आलाय. मागे, भरीत चाललंय तिथे बघा, निळा शर्ट. जेवताना तो तुमच्याकडे येईल आणि कोणत्या गाडीने आलात ते विचारेल. कंटाळा आला तर सूचक हसू नका, घड्याळाकडे बघू नका, ते त्याला कळत नाही. सरळ म्हणा, "आता बस, मला जेवायचंय, तीन वाजता बोलू." त्याला राग येत नाही. मात्र तीन वाजता तो येणार, तेव्हा बोला. शेवटी तो तुमचा नंबर मागेल. फोन उचलणार असाल तरच द्या.