चष्म्याच्या आतलं आणि बाहेरचं
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फर्मान सोडलं, "तू सॉफ्टवेअरवाला, काहीतरी नवीन सांग. पण जेवणाआधी आटप." तेव्हा नमनाला घडाभर तेल घालत नाही.

विषय आहे ऑगमेंटेड रिॲलिटी. नाव भारदस्त, कल्पना सोपी. व्हर्च्युअल रिॲलिटीत खरं जग झाकून दुसरंच जग दाखवतात. इथं खरं जग तसंच दिसतं, फक्त त्यावर एक जादा थर चढतो. घरातली मुलं मोबाइलमधून आपल्या चेहऱ्यावर कुत्र्याचे कान लावून हसतात ना, तोच हा प्रकार. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर लावायचं असं पहिलं यंत्र केलं. ते इतकं जड होतं, की छताला टांगावं लागे. आज ते साध्या चष्म्यात मावू लागलंय. आपल्या भेटीगाठींत त्यामुळे काय बदलेल, एवढंच मला बोलायचंय.

आधी चांगलं सांगतो. २०१६ च्या जुलैत 'पोकेमॉन गो' हा मोबाइलवरचा खेळ आला. भारतात तो अधिकृतपणे डिसेंबरात आला, पण आपली पोरं कसली थांबतात! खेळातले प्राणी खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या बागांत दिसायचे आणि ते पकडायला चालत जावं लागायचं. माझा भाचा घराबाहेर पडायला तयार नसायचा, तो बागेत अनोळखी मुलांशी बोलू लागला. का? कारण त्या सगळ्यांना एकाच झाडाखाली एकच प्राणी दिसत होता. थर सगळ्यांचा होता, म्हणून बोलणं सुरू झालं.

तरी त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयात त्यावर जनहित याचिका दाखल झाली. खेळातली अंडी देवळांच्या जागी दिसतात, ही तक्रार होती. वॉशिंग्टनमधल्या होलोकॉस्ट संग्रहालयानेही लोकांना विनंती केली, की कृपा करून इथे हा खेळ खेळू नका. खेळणाऱ्यांना जे दिसत होतं, ते त्या जागी येणाऱ्या बाकीच्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आता दुसरं उदाहरण. २०१३ मध्ये 'गूगल ग्लास' नावाचा चष्मा निवडक लोकांना मिळाला, किंमत १,५०० डॉलर. यंत्र हुशार होतं, पण लोक बिचकले. समोरचा माझ्याकडे पाहतोय की माझं चित्रण करतोय, हेच कळेना. सिअ‍ॅटलमधल्या एका बारने तर तो घालून आत यायला बंदी केली. २०१५ च्या जानेवारीत गूगलने त्याची विक्री थांबवली. पुढे २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून दाखवला. बाजारात मिळणारा कॅमेऱ्याचा चष्मा घ्यायचा, त्याला चेहरा शोधणारी सेवा जोडायची, आणि रस्त्यातल्या अनोळखी माणसाचं नाव-गाव मोबाइलवर हजर. त्यांनी तो प्रोग्राम कुणाला दिला नाही. असं होऊ शकतं, सावध व्हा, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

आता हे आपल्या आजच्या सकाळीला लावून बघा. दारात प्रत्येक जण दुसऱ्याला एकच प्रश्न विचारत होता, "ओळखलंस का?" कुणाचे केस गेले, कुणाचं पोट आलं, कुणाचं आडनाव बदललं. डोळे बारीक करून, आवाजावरून, हसण्यावरून आपण एकमेकांना शोधत होतो. उद्या चष्म्याने नाव, हुद्दा आणि वाढदिवस आधीच सांगितला, तर ओळख चुकणार नाही हे खरं. पण "अरे, तू तोच ना, तिसऱ्या बाकावरचा!" हे ऐकून जो आनंद झाला, तो चष्म्याने सांगितलेल्या नावाने होईल का? मला शंका आहे. आपल्याला कुणीतरी लक्षात ठेवलं, याचाच तो आनंद होता.

एवढ्यावर मी थांबलो असतो, तर म्हणालो असतो, नको तो चष्मा. पण सकाळी चहाच्या वेळी आपला एक वर्गमित्र भेटला. त्याच्या परवानगीनेच सांगतो. त्याला ऐकू कमी येतं. मागच्या दोन्ही मेळाव्यांना तो आला नाही. म्हणाला, "दहा जण एकदम बोलतात, सगळे हसले की मीही हसतो. घरी गेल्यावर वाटतं, मी तिथं होतो कुठे?" समोरच्याचं बोलणं अक्षरांत दाखवणारे चष्मे आता निघालेत. गलक्यात ते चुकतात, पण सुधारताहेत. त्याला तो चष्मा नको, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

म्हणून माझ्यापुरता मी एक साधा नियम ठरवलाय. मला जे दिसतंय, ते समोरच्याला माहीत आहे का? माहीत असेल आणि त्याला चालत असेल, तर थर माणसं जोडतो. चोरून पाहिलं, तर तोडतो. आपला मित्र एवढंच म्हणाला, "मी हा चष्मा घातलाय, तुमचं बोलणं मला अक्षरांत दिसतं," तर आपण आपसूक त्याच्याकडे तोंड करून, एकेक जण बोलू. आणि खरं म्हणजे त्यासाठी चष्मा येईपर्यंत थांबायची गरज नाही. आज पंगतीत बसतानाच सुरुवात करू.

शेवटी एक प्रस्ताव. शाळेची जुनी कौलारू इमारत पुढच्या वर्षी पाडणार आहेत. त्या जागेवर मोबाइल धरला, की जुने वर्ग, फळे, व्हरांडा दिसावा, बाईंच्या आणि सरांच्या आवाजातली आठवण ऐकू यावी, एवढं आज थोडक्या खर्चात करता येतं. तांत्रिक काम माझ्याकडे. तुम्ही फोटो द्या, मागे साल आणि नावं लिहून. दोन अटी मात्र ठेवू. फोटोत जे आहेत त्यांना विचारल्याशिवाय तो लावायचा नाही. आणि ज्यांच्याकडे तसा मोबाइल नाही, त्यांच्यासाठी छापील अल्बमही करायचा, कारण बघायचं ते सगळ्यांनी मिळून बघायचं. नोंदणीच्या टेबलावर वही ठेवली आहे. जेवण झालं की नाव लिहा, फोटो दिवाळीपर्यंत पोचवा.