प्रवासी जहाजांचे सांडपाणी : कायदा आणि त्याचे पहारेकरी

(नवी दिल्ली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

ह्याच शहरात, कोपर्निकस मार्गावरील फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ बसते. समुद्र येथून शेकडो कोस दूर आहे. तरीही मुंबईच्या किनाऱ्याचा एक मोठा दावा येथेच चालला. ४ ऑगस्ट २०११ रोजी 'एम. व्ही. रॅक' हे पनामाचा झेंडा लावलेले मालवाहू जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. त्याच्या पोटात ६० हजार टनांहून अधिक कोळसा होता आणि सुमारे २९० टन इंधन तेल होते. तेलाचा तवंग किनाऱ्याला लागला. २३ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायाधिकरणाने जहाजाच्या मालकांना १०० कोटी रुपये आणि कोळशाची मालक असलेल्या अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी रुपये भरपाई भरण्याचा आदेश दिला.

जो घाण करील त्यानेच किंमत मोजावी, हे तत्त्व ह्या निकालाने समुद्रावरही लागू केले. त्याचे मोल कमी नाही. परंतु तेथवर पोहोचायला पाच वर्षे लागली, आणि बुडालेले जहाज तर सर्वांना दिसत होते. जे प्रदूषण दिसतच नाही, त्याचे काय?

हा प्रश्न आज निकडीचा आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मुंबईतूनच 'क्रूझ भारत मिशन' सुरू केले. प्रवासी जहाज म्हणजे तरंगते गाव होय. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ च्या अहवालात मोठ्या जहाजांचे मोजमाप दिले आहे. एका जहाजातून दररोज सरासरी सुमारे ८० हजार लिटर मैलापाणी निघते. न्हाणीघरे, स्वयंपाकघरे व धुलाईखान्यांचे सांडपाणी मात्र सुमारे साडेसहा लाख लिटर, म्हणजे आठपट!

आता नियम पाहा. 'मार्पोल' ह्या आंतरराष्ट्रीय कराराचे चौथे परिशिष्ट २००३ साली अमलात आले. मान्यताप्राप्त यंत्रातून शुद्ध केलेल्या मैलापाण्याला त्यात मोकळीक आहे. केवळ बारीक करून जंतुनाशक घातलेले मैलापाणी किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे सोडता येते. प्रक्रिया न केलेले मैलापाणीसुद्धा १२ मैलांपलीकडे, चालत्या जहाजातून, ठरावीक वेगाने सोडण्यास मुभा आहे. आणि ते आठपट सांडपाणी ह्या परिशिष्टाच्या कक्षेतच नाही!

जेथे नियम कडक आहेत, तेथे तरी ते आपोआप पाळले जातात काय? 'कॅरिबियन प्रिन्सेस' ह्या जहाजावर तेलकट पाणी चोरून सोडण्यासाठी एक गुप्त नळी बसवली होती आणि नोंदवह्या खोट्या लिहिल्या जात होत्या. २०१३ साली हे उघडकीस आणले ते कोणा तपासनिसाने नव्हे, तर नुकत्याच रुजू झालेल्या एका इंजिनियरने. २०१६ साली प्रिन्सेस कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ४ कोटी डॉलर दंड मान्य केला. त्यानंतरही, २०१९ साली, तिच्या मूळ कंपनीला न्यायालयाच्या अटी मोडल्याबद्दल आणखी २ कोटी डॉलर भरावे लागले. दंड हा धंद्याच्या खर्चातला एक आकडा ठरला, तर तो कायद्याचा धाक राहत नाही.

ह्यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. समुद्राचे खरे पहारेकरी दोन : जहाजावर राबणारा खलाशी आणि किनाऱ्यावर जाळे टाकणारा कोळी. एकाला नळी कोठे जाते ते ठाऊक असते, दुसऱ्याला जाळ्यात काय येते ते. परंतु तोंड उघडल्यास खलाशाची नोकरी जाते, आणि कोळ्याची तक्रार ऐकायला कोणी नसते.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. न्हाणी-स्वयंपाकघराचे सांडपाणीही नियमांखाली आणा. बंदरातच ते उतरवून घेण्याची सोय करा, आणि तिचा खर्च कंपन्यांकडून वसूल करा. नगरपालिकेच्या करदात्यांवर लादू नका. जहाजांच्या नोंदवह्या मच्छीमार संस्थांना पाहू द्या. गैरप्रकार उघड करणाऱ्या खलाशाला कायद्याचे संरक्षण द्या. भरपाईचा वाटा ज्यांचे जाळे रिकामे राहिले त्यांच्या हाती पडू द्या. 'रॅक' प्रकरणातील रक्कम केंद्राच्या जहाजबांधणी मंत्रालयाकडे भरण्याचा आदेश होता, हे विसरून चालणार नाही.

साथींनो, कोपर्निकस मार्गावरील दार ठोठावायला कायद्याने मुभा दिली आहे. पण पुरावा घेऊन तेथवर जाण्याचे बळ संघटनेनेच येते. बंदर कामगार, खलाशी आणि मच्छीमार ह्यांनी हे काम एकत्र हाती घेतले पाहिजे.